मिसाकी एमुरा खरंच मोठी खेळाडू आहे का, आणि तिला बघून मुलीनं सेबर घ्यावं का?

एका आईनं विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: मुलगी आठवीत आहे, शाळेत तलवारबाजीतलं (फेन्सिंग) फॉईल खेळते. फॉईल, इपी आणि सेबर हे या खेळातले तीन वेपन, म्हणजे तलवारींचे तीन प्रकार. मोबाइलवर जपानच्या मिसाकी एमुराचे व्हिडिओ सारखे बघते आणि आता 'मला सेबरच खेळायचं' म्हणून हट्ट धरून बसली आहे. ही एमुरा खरोखर मोठी खेळाडू आहे की दिसण्यामुळे गाजली आहे? आणि तिच्या नादानं मुलीनं वेपन बदलावं का?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण त्यात शंकेला जागाच नाही. एमुरा खरोखर मोठी खेळाडू आहे. २०२२ मध्ये कैरोच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत तिनं महिलांच्या वैयक्तिक सेबरचं सुवर्ण जिंकलं. कुठल्याही वेपनमध्ये वैयक्तिक जागतिक विजेतेपद मिळवणारी ती पहिली जपानी महिला. पुढच्याच वर्षी मिलानमध्ये तिनं ते राखलं. जागतिक क्रमवारीत ती पहिल्या स्थानावर पोहोचली, पॅरिस ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला जपानचा ध्वज तिच्या हातात होता आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये तिच्या संघानं कांस्यपदक मिळवलं. यातलं काहीही दिसण्यावर मिळत नाही. लढत चालू असताना समोरच्याला तिचा चेहरा दिसतही नाही, दिसते ती मास्कची जाळी.

तिचा जन्म नोव्हेंबर १९९८ चा, क्यूशू बेटावरच्या ओइता प्रांतातला. वडील १९८८ च्या सोल ऑलिम्पिकमध्ये फॉईल खेळलेले, आईही तलवारबाज. घरात खेळ होताच, पण तिनं हातात तलवार घेतली ती २००८ च्या सुमारास, प्राथमिक शाळेत असताना. त्या वर्षी बीजिंगमध्ये युकी ओता या फॉईलच्या खेळाडूनं जपानला तलवारबाजीतलं पहिलं ऑलिम्पिक पदक मिळवून दिलं होतं. तिचीही सुरुवात फॉईलनंच झाली, सेबर नंतर आलं. तुमच्या मुलीच्या दृष्टीनं ही गोष्ट महत्त्वाची आहे, तिच्याकडे शेवटी येतो.

इथे ओताबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण एमुराची लोकप्रियता एकटीची नाही, तिच्यामागे त्यानं घातलेला पाया आहे. बीजिंगला रौप्य जिंकलं तेव्हा ओता विद्यापीठातून बाहेर पडलेला, बिननोकरीचा तरुण होता. पदकानंतर मोरिनागा या चॉकलेट-बिस्किटांच्या कंपनीनं त्याला नोकरीत घेतलं. जपानमध्ये बरेच खेळाडू असेच जगतात. एखादी कंपनी त्यांना पगारावर घेते आणि ते तिच्या नावानं खेळतात. आपल्याकडे रेल्वे आणि पोलीस दल जे करतात तेच तिथे खासगी कंपन्या करतात. लंडनला २०१२ मध्ये ओताच्या संघानं फॉईलचं सांघिक रौप्य जिंकलं, २०१५ मध्ये तो स्वतः जगज्जेता झाला, रिओला पहिल्याच लढतीत हरला आणि निवृत्त झाला. २०१७ मध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तो जपानच्या तलवारबाजी महासंघाचा अध्यक्ष झाला.

अध्यक्ष म्हणून त्यानं जे केलं ते आमच्या क्षेत्रातल्या प्रत्येकानं अभ्यासावं असं आहे. तलवारबाजीची सगळ्यात मोठी अडचण अशी की बघणाऱ्याला काही कळत नाही. तलवारीचं टोक डोळ्यांना दिसत नाही, वार लागल्याचे दोन दिवे लागतात, रेफरी हातानं खुणा करतो आणि प्रेक्षक एकमेकांकडे बघतात. ओतानं २०१८ च्या राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम लढती व्यायामशाळेतून उचलून टोकियोतल्या एका नाट्यगृहात नेल्या. मंचावर पिस्ट (लढतीची लांबट पट्टी), वर प्रकाशयोजना, पडद्यावर खेळाडूंच्या हृदयाचे ठोके. तिकिटं संपली. तलवारीच्या टोकाचा मार्ग पडद्यावर रंगीत रेषेसारखा दाखवणाऱ्या तंत्रज्ञानातही त्यानं अनेक वर्षं लक्ष घातलं. मोबाइलवर आज तलवारबाजीचे जे देखणे तुकडे फिरतात, त्यांच्यासाठी प्रेक्षक तयार करायला असं काम कुणीतरी आधी करावं लागतं.

आणि हे चोचले नव्हते. २०२० मध्ये ऑलिम्पिक पुढे ढकललं गेलं, तेव्हा लंडनच्या रौप्यपदक विजेत्या संघातला र्यो मियाके सायकलवरून घरोघरी जेवणाचे डबे पोहोचवत होता. त्यानं स्वतःच ते जाहीरपणे सांगितलं आणि जगभर त्याची बातमी झाली. ऑलिम्पिक पदकवाल्याची ही स्थिती असेल, तर या खेळात लोकांनी नाव ओळखणं म्हणजे पुढच्या मोसमाचा विमानखर्च. एमुराला आज ताचिही होल्डिंग्ज या कंपनीचा आधार आहे. त्यामुळे खेळाडू गाजतो, त्याचे फोटो छापून येतात, याबद्दल मी कधी नाक मुरडत नाही आणि तुम्हीही मुरडू नका.

आता सेबर. हे समजल्याशिवाय ती मोठी का आहे ते कळणार नाही.

पिस्ट चौदा मीटर लांब. दोघी मध्यरेषेपासून दोन-दोन मीटरवर, म्हणजे एकमेकींपासून चार मीटरवर उभ्या राहतात. रेफरी 'ऑन गार्ड, प्रे, आले', म्हणजे 'पवित्र्यात या, तयार, सुरू', म्हणतो. सेबरमध्ये कमरेच्या वरचं शरीर लक्ष्य, पंजे सोडून हात आणि डोकंसुद्धा, आणि टोकानं भोसकण्याबरोबर धारेनं कापलेलंही चालतं. त्यामुळे पहिल्या दीड-दोन सेकंदांतच बहुतेक टच, म्हणजे एका गुणासाठीच्या चकमकी, संपतात. दोघी सुटतात, दोन पावलं, लंज (पुढचा पाय लांब टाकून मारलेली झेप), दोन्ही दिवे. पहिलीचा वार लागल्यावर दुसरीला तिचा दिवा लावायला १७० मिलिसेकंद मिळतात. २०१६ पर्यंत ही मुदत १२० होती. दोन्ही दिवे लागले की आक्रमणाचा हक्क कोणाचा, म्हणजे आक्रमण आधी कोणी सुरू केलं, ते रेफरी ठरवतो. दोघींनी एकाच वेळी आक्रमण केलं असेल तर गुण कोणालाच नाही, परत मध्यरेषेवर.

खरा डाव इथे सुरू होतो. समजा लागोपाठ दोनदा दोघी एकदमच सुटल्या आणि गुण मिळाला नाही. तिसऱ्या वेळी काय करायचं? परत सरळ जायचं, की पहिलं पाऊल दाखवून मागे सरायचं? मागे सरलात आणि समोरचीचा लंज बोटभर कमी पडला, तर तिचं आक्रमण संपलं, हक्क तुमचा, आणि आता ती तोल सावरत मागे पळते आहे. पण तीही मागे सरली तर? मग दोघी मधे थांबलेल्या, आणि जी आधी ओळखेल ती पुढे घुसेल. हा सगळा विचार 'आले' म्हणायच्या आधी अर्धा आणि पहिल्या पावलात अर्धा करायचा असतो. फॉईलमध्ये चूक दुरुस्त करायला थोडा वेळ असतो, सेबरमध्ये तो जवळजवळ नसतोच.

एमुराचं बलस्थान याच चार मीटरांत आहे. तिचा लंज लांबून सुटतो, त्यामुळे समोरचीला मागे सरण्याचा अंदाज बांधता येत नाही. नेहमीच्या प्रतिस्पर्धीला जिथे वार कमी पडला असता तिथे एमुराचा पोहोचतो. पण नुसता लांब लंज कुणीही आठ-दहा टचमध्ये ओळखतं. तिला जगज्जेती करतं ते पाय आणि हात यांचं वेगवेगळं चालणं. पाय जोरात, हात शांत. हात शेवटच्या क्षणापर्यंत उघडत नाही, त्यामुळे पॅरी, म्हणजे तलवारीनं वार अडवणं, कुठल्या बाजूला करायची हे समोरचीला ठरवता येत नाही. आमच्या बहुतेक मुली नेमकं उलट करतात. 'आले' ऐकलं की हात आधी फेकतात आणि पाय मागून येतात. मग समोरची सहज पॅरी करते आणि पालक रेफरीवर चिडतात.

तिच्या वाटचालीत वळण आलं ते टोकियोनंतर. ते ऑलिम्पिक तिच्या घरच्या मैदानावर झालं, मकुहारी मेस्सेच्या सभागृहात, पण प्रेक्षकांविना. पदक आलं नाही. त्यानंतर जपानच्या सेबर संघाकडे जेरोम गुथ हे फ्रेंच प्रशिक्षक आले. परदेशी प्रशिक्षक आणून वर्षानुवर्षं टिकवणं ही जपानची जुनी पद्धत आहे. फॉईलसाठी २००३ पासून युक्रेनचे ओलेग मात्सेइचुक होते, इपीसाठी युक्रेनचेच ओलेक्सांद्र गोर्बाचुक. टोकियोतल्या राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्रात तिन्ही वेपनचे खेळाडू एकाच छताखाली सराव करतात. म्हणूनच पॅरिसमध्ये जपाननं तलवारबाजीत पाच पदकं नेली आणि ती तिन्ही वेपनमध्ये विभागलेली होती. गुथ आल्यानंतर वर्षभरातच कैरो झालं. अंतिम फेरीत समोर अझरबैजानची अ‍ॅना बाश्ता होती. मिलानच्या अंतिम फेरीत ग्रीसची देस्पिना जॉर्जियादू.

या दोन सुवर्णांच्या मधली एक लढत तुमच्या मुलीला आवर्जून दाखवा, आणि तिचा थेट आपल्याशी संबंध आहे. जून २०२३, चीनमधल्या वूशीत आशियाई अजिंक्यपद स्पर्धा. उपांत्यपूर्व फेरीत एमुरासमोर आपली भवानी देवी. जगज्जेती विरुद्ध चेन्नईची मुलगी, जिनं त्याआधी एमुराला कधी हरवलं नव्हतं. भवानी १५–१० नं जिंकली. उपांत्य फेरीत उझबेकिस्तानच्या झैनब दायिबेकोवाकडून ती १५–१४ असं एका टचनं हरली, पण कांस्य पक्कं झालं होतं आणि या स्पर्धेतलं ते भारताचं पहिलं पदक. बातमी आली तेव्हा आमच्या हॉलमध्ये सराव थांबवून मुलांनी टाळ्या वाजवल्या होत्या, इतका तो निकाल आम्हा सगळ्यांना आपला वाटला.

आणि या निकालानंतर साधारण महिन्याभरानं एमुरानं मिलानमध्ये पुन्हा जगज्जेतेपद जिंकलं. माझ्या मते तिची सगळ्यात मोठी कामगिरी हीच. कैरोत तिच्या नावावर अजून जगज्जेतेपद नव्हतं. मिलानमध्ये प्रत्येक देशाच्या प्रशिक्षकानं तिचे व्हिडिओ घासून पाहिले होते, आणि तिला कसं हरवायचं याचा एक ताजा नमुनाही सगळ्यांसमोर होता. तरी ती जिंकली. महिनाभरात लंज बदलत नाही. फार तर कधी सुटायचं आणि कधी थांबायचं, याची मांडणी बदलता येते.

पॅरिसची वैयक्तिक स्पर्धा मात्र तिच्यासाठी कठीण गेली. ग्रां पालेच्या काचेच्या छताखाली, ध्वजवाहक म्हणून सगळ्या देशाचं लक्ष असताना, ती शेवटच्या सोळांत कोरियाच्या चोई से-बिनकडून १५–७ अशी हरली. सेबरमध्ये आठ टचवर एक मिनिटाची विश्रांती मिळते. त्या मिनिटात खेळाडूला लढत फिरवण्याची संधी असते, पण त्या दिवशी ती फिरली नाही. पाच दिवसांनी सांघिक लढतींत हीच एमुरा परत पिस्टवर उतरली. सांघिकमध्ये तिघी आळीपाळीनं मिळून पंचेचाळीस टचपर्यंत खेळतात. कांस्याच्या लढतीत समोर फ्रान्स, तेही फ्रान्सच्या घरच्या प्रेक्षकांपुढे, ज्यांच्याच दोन मुलींनी वैयक्तिकचं सुवर्ण आणि रौप्य नेलं होतं. जपाननं ती लढत ४५–४० अशी जिंकली. एमुराबरोबर सेरी ओझाकी, रिसा ताकाशिमा आणि शिहोमी फुकुशिमा होत्या. ही नावं रीलमध्ये सहसा येत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहितो.

आता मोबाइलवरच्या एमुराबद्दल. सेबर आणि लहान व्हिडिओ यांचं जमतं यात नवल नाही. एक टच म्हणजे काही सेकंद, शेवटी दिवा, आरोळी, मास्क वर, चेहऱ्यावर सगळं उघड दिसतं. इपीची लढत अशी कापता येत नाही, तिथे मिनिटभर दोघं नुसती अंतर मोजत असतात. त्यामुळे सेबरच्या खेळाडूला हा प्रेक्षक आपोआप मिळतो, आणि एमुरासारखी खेळाडू असेल तर भरपूर मिळतो. मुलगी ते बघते यात मला गैर वाटत नाही. सेबर हा शब्द आठवीतल्या मुलीला माहीत आहे, हेच माझ्या पिढीच्या प्रशिक्षकांना अजून नवल वाटतं.

पण काय कापलं जातं तेवढं लक्षात घ्या. पहिली दोन पावलं बहुतेक वेळा कापलेली असतात, कारण ती बघायला कंटाळवाणी. गुण न मिळालेले टच कापलेले असतात. हरलेले टच तर हमखास. म्हणजे मुलीसमोर येतं ते उत्तर, गणित नाही. मी हॉलमध्ये बघतो, नवीन मुलांना आरोळी आधी येते, ऑन गार्ड नंतर. आरोळीला माझा विरोध नाही, सेबरमध्ये ती रेफरीला आणि स्वतःलाही काही सांगत असते. पण गुडघे न वाकवता मारलेल्या आरोळीचा काही उपयोग नाही.

दुसरी गोष्ट आई म्हणून तुमच्या कामाची. अशा व्हिडिओंखाली खेळापेक्षा दिसण्यावर जास्त लिहिलेलं असतं, आणि त्यातलं काही अत्यंत हीन असतं. महिला खेळाडूंचे चोरून, घाणेरड्या हेतूनं काढलेले फोटो-व्हिडिओ पसरवण्याचा प्रकार जपानमध्ये इतका वाढला होता की तिथल्या ऑलिम्पिक समितीला नोव्हेंबर २०२० मध्ये इतर क्रीडासंस्थांबरोबर त्याविरुद्ध जाहीर निवेदन काढावं लागलं. पॅरिसच्या वेळी पराभूत खेळाडूंवर शिव्यांचा जो भडिमार झाला, त्यावर स्पर्धा चालू असतानाच समितीला पुन्हा बोलावं लागलं. जिला तुमची मुलगी आदर्श मानते, तिच्याबद्दल असं लिहिलेलं तिच्या वाचनात येतच असणार. याबद्दल घरात मोकळेपणानं बोला. 'मोबाइल बंद' म्हणून हा प्रश्न सुटत नाही, आणि पुढे तिचे स्वतःचे फोटो जिल्हा स्पर्धेतून फिरायला लागतील तेव्हा तिला तुमच्याकडे येऊन सांगता आलं पाहिजे.

बघायचं कसं, तर असं. आंतरराष्ट्रीय महासंघाच्या यूट्यूब वाहिनीवर पूर्ण लढती फुकट आहेत. एमुराची एक पूर्ण लढत लावा, आवाज बंद करा. प्रत्येक टचला रेफरीनं हात उचलायच्या आधी व्हिडिओ थांबवा आणि मुलीला विचारा, गुण कोणाचा? मग चालू करा. सुरुवातीला अर्धे चुकतील. काही आठवड्यांनी ती बरोबर सांगायला लागेल, आणि तुम्हीसुद्धा. दुसऱ्यांदा बघताना एमुराकडे बघायचंच नाही, फक्त तिच्या पुढच्या पायाकडे बघायचं. ती किती वेळा पूर्ण लंज घेते आणि किती वेळा नुसतं पाऊल दाखवून थांबते, ते वहीत लिहायचं. आमच्याकडे मुली ही वही ठेवतात, आणि ज्यांनी मन लावून ठेवली त्यांचं पहिलं पाऊल बदललेलं मला दिसलं आहे.

शेवटी वेपन बदलण्याचं. एमुराही फॉईलवरून सेबरवर आली आणि आठवीचं वय त्यासाठी उशिराचं नाही. फॉईल आणि सेबर दोन्हींत आक्रमणाच्या हक्काचा नियम आहे, त्यामुळे आतापर्यंतचं शिक्षण वाया जात नाही. इपीवरून यायचं असतं तर जास्त अवघड गेलं असतं. जड जाईल ते दोन ठिकाणी. हातावर आणि डोक्यावर वार होतात याची सवय नसते, आणि मनगट टोकाऐवजी धारेनं चालवायला शिकावं लागतं. अंगावर वळ उठतील, त्याची तयारी ठेवा.

खर्चाचंही सांगतो. पांढरं जॅकेट, पॅन्ट, आतला प्लॅस्ट्रॉन (संरक्षक थर), बूट तेच चालतील, बहुतेक वेळा बॉडी वायरही (तलवार यंत्राला जोडणारी तार). फॉईलचं लामे (वार नोंदवणारं विद्युतवाहक) जॅकेट मात्र नुसतं धड झाकतं, सेबरचं हातांसकट असतं, म्हणून ते नवं लागेल. मास्क पूर्ण विद्युतवाहक लागतो, हातमोजाही वेगळा, आणि तलवारी दोन तरी हव्यात. हे सगळं लगेच घेऊ नका. आधी काही महिने साध्या सेबरनं, विजेच्या जोडणीशिवाय सराव करू द्या. बहुतेक क्लबमध्ये जुनी सेबर पडून असतात, प्रशिक्षकांना विचारलं तर देतात.

आणि एक गोष्ट सगळ्यात आधी तपासा: तुमच्या केंद्रात सेबर खेळणाऱ्या तिच्या वयाच्या निदान तीन-चार मुली आहेत का, आणि सेबर शिकवणारं कुणी आहे का. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरच्या साई (भारतीय क्रीडा प्राधिकरण) केंद्रात तलवारबाजी आहे, पण बऱ्याच तालुक्यांत एकाच वेपनचा सराव चालतो. दहावीच्या सवलतीच्या गुणांसाठी कुणी सुचवलं म्हणून सेबर घ्यायचं आणि सरावाला जोडीदारच नाही, असं झालं तर सहा महिन्यांत मुलगी कंटाळेल. जोडीदार असतील, शिकवणारं कुणी असेल, तर घेऊ द्या. नसतील तर यंदा फॉईलच खेळू द्या, आणि शालेय स्पर्धा संपल्यावर सुट्टीत सेबर असलेल्या केंद्रात शिबिराला पाठवा. तिथल्या प्रशिक्षकांना तिचं फूटवर्क बघू द्या, मग ठरवा.